उसन्या सिंहासनाचे व्याज

इसवी सनापूर्वी ५८ साली भूमध्य समुद्रातील रोड्स बेटावर एका राजाची आणि एका रोमन सिनेटरची भेट झाली. राजा होता इजिप्तचा बारावा टॉलेमी. अलेक्झांड्रियातील प्रजा उलटल्यामुळे राजधानी सोडून तो रोमकडे मदत मागण्यास निघाला होता. सिनेटर होता मार्कस केटो. सायप्रस बेट रोमच्या ताब्यात घेण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवलेली होती आणि सायप्रसचा राजा हा या टॉलेमीचाच भाऊ होता. राजशिष्टाचारानुसार केटोने राजाच्या भेटीस जावयास हवे होते; त्याने निरोप पाठवून राजालाच बोलावून घेतले. पोट साफ करण्याचे औषध घेतलेले असल्याने तो जागेवरून उठलाही नाही. राजाला समोर बसवून त्याने सल्ला दिला, की रोमला न जाता परत फिरावे आणि प्रजेशी समेट करावा. साऱ्या इजिप्तची चांदी केली तरी रोममधील बड्या मंडळींची भूक भागणार नाही. मध्यस्थीसाठी सोबत येण्याची तयारीही त्याने दाखवली. राजाला हा सल्ला पटला होता, असे प्लुटार्क लिहितो. तथापि बरोबरच्या मंडळींनी त्याचे मन वळवले आणि त्याने रोमचा रस्ता धरला. तेथे पहिल्याच मातब्बराच्या दारात उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला.

इतिहासाने या राजाची आठवण प्रामुख्याने क्लिओपात्राचा पिता म्हणून ठेवली. त्याच्या हयातीत त्याला दोन टोपणनावे पडली होती. एक ‘ऑलेटीस’, म्हणजे पावा वाजवणारा. कारण राजवाड्यात तो वादनाच्या स्पर्धा भरवी आणि स्वतःही त्यांत उतरे. दुसरे ‘नोथस’, म्हणजे अनौरस. पहिल्या नावात थट्टा होती, दुसऱ्यात राजकारण. जन्माच्या वैधतेबद्दल शंका घेतली जाणारा हा राजा मान्यतेसाठी आयुष्यभर बाहेर पाहत राहिला आणि बाहेरच्या मान्यतेची किंमत चुकवताना घरातील मान्यता गमावत गेला. मात्र केवळ दुर्बल व विलासी ठरवून त्याला निकालात काढणे अन्यायाचे होईल. शेजारची एकेक राज्ये रोमच्या घशात जात असताना इजिप्त, नावापुरते का होईना, स्वतंत्र राहिले ते याच राजाच्या कारकिर्दीत. (पुढील सर्व सन इसवी सनापूर्वीचे आहेत.)

अलेक्झांडरच्या एका सेनापतीने स्थापन केलेले हे ग्रीक राजघराणे त्या वेळी दोन शतकांहून अधिक काळ इजिप्तवर राज्य करीत होते. मात्र त्याचे परावलंबित्व जुने होते. १६८ साली सीरियाचा राजा चौथा अँटिओकस अलेक्झांड्रियाच्या वेशीपर्यंत येऊन ठेपला, तेव्हा पोपिलियस या रोमन वकिलाने त्याच्याभोवती वाळूत काठीने रेघ ओढली आणि ती ओलांडण्यापूर्वी माघारीचा निर्णय मागितला. अँटिओकस परतला. इजिप्त वाचले, पण ते रोमच्या शब्दाने वाचले, ही गोष्ट साऱ्या भूमध्य प्रदेशाने पाहिली. पुढे घराण्यातील प्रत्येक भाऊबंदकीत एक ना एक पक्ष रोमकडे धाव घेऊ लागला. शेजारच्या सायरीनच्या राजाने तर ९६ साली मरताना आपले राज्यच रोमन जनतेच्या नावे करून दिले.

ऑलेटीस हा नवव्या टॉलेमीचा मुलगा. त्याची आई कोण, याची खात्रीलायक नोंद नाही आणि विरोधकांना तेवढे पुरे होते. त्याचे पूर्वायुष्य बहुतांशी परदेशात गेले. पोंटसचा राजा मिथ्रिडेटीस, म्हणजे रोमचा त्या काळातील कट्टर शत्रू, याच्या दोन मुलींशी या दोघा भावांचे विवाह ठरले होते. नवव्या टॉलेमीच्या मृत्यूनंतर त्याची मुलगी तिसरी बेरेनिकी गादीवर आली. तेव्हा रोमचा हुकूमशहा सुल्ला याने अकरावा टॉलेमी हा आपला उमेदवार ८० साली अलेक्झांड्रियाला धाडला. त्याने बेरेनिकीशी विवाह केला आणि एकोणीस दिवसांत तिचा खून करवला. ती लोकप्रिय होती. संतप्त जमावाने नव्या राजाला ठार मारले. घराण्यात औरस पुरुष वारस उरला नाही. मग अलेक्झांड्रियाच्या लोकांनी नवव्या टॉलेमीच्या दोन मुलांना बोलावून घेतले. एकाला इजिप्त दिले, दुसऱ्याला सायप्रस. हे सारे रोमला न विचारता झाले.

रोमने त्यावर काहीच केले नाही. ना मान्यता दिली, ना विरोध केला. हे मौनच ऑलेटीसला सर्वांत महाग पडले. आधीच्या राजांपैकी अलेक्झांडर नावाच्या एका टॉलेमीने इजिप्त रोमन जनतेला मृत्युपत्राने दिले आहे, अशी बातमी रोममध्ये होती. त्या राजाने टायर येथे ठेवलेली रक्कम सिनेटने ताब्यात घेतली. राज्याचा प्रश्न मात्र लोंबकळत ठेवला. मृत्युपत्र खरे की खोटे, याचा निकाल कोणालाच नको होता. न मिटलेला हक्क हा मिटलेल्या हक्कापेक्षा अधिक उत्पन्न देतो, हे रोमन राजकारण्यांना कळून चुकले होते. ७५ साली सीरियाच्या राजघराण्यातील दोन राजपुत्र इजिप्तच्या गादीवर दावा सांगत रोमला आले. सिनेटने त्यांना रिकाम्या हाती परत पाठवले, परंतु ऑलेटीसचा हक्कही मान्य केला नाही.

मायदेशात मात्र त्याने एक आघाडी चतुराईने सांभाळली. ग्रीक अलेक्झांड्रिया त्याची टवाळी करीत असली, तरी नाईलकाठच्या मूळ इजिप्शियन समाजावर पुरोहितवर्गाचा प्रभाव होता. ७६ साली मेंफिसच्या प्ताह देवाच्या चौदा वर्षांच्या प्रमुख पुरोहिताने त्याला फेरोच्या विधीने राज्याभिषेक केला. त्या पुरोहिताच्या स्मृतिशिलेवर या गोष्टीचा अभिमानाने उल्लेख आहे. एडफूच्या मंदिराचे काम या राजाच्या कारकिर्दीत पूर्णत्वास गेले आणि डेंडेराच्या मंदिराची पायाभरणी ५४ साली झाली. दक्षिणेतील अधिकाऱ्याकडे तांबड्या व हिंदी समुद्राच्या कारभाराची जोड देण्यात आली होती. हिंदुस्थानाशी होणाऱ्या व्यापाराकडे दरबाराचे लक्ष होते, याची ती साक्ष आहे. राजा केवळ पाव्यात रमलेला असता, तर हे घडले नसते.

संकट रोममध्ये वाढत होते. ६५ साली क्रासस या धनाढ्य नेत्याने इजिप्तला करदाता प्रदेश बनवण्याची खटपट केली. त्याचाच सहकारी असलेल्या कॅटुलसने ती हाणून पाडली. ६३ साली रुल्लस या लोकप्रतिनिधीने जमीनवाटपाचे विधेयक आणले. त्याच्या कलमांआड इजिप्त बळकावण्याचा डाव आहे, असे सांगून कॉन्सल सिसेरोने त्याला विरोध केला आणि विधेयक बारगळले. दोन्ही वेळा इजिप्त वाचले, पण इजिप्तच्या प्रेमाखातर नव्हे. एवढा श्रीमंत मुलूख ज्याच्या हाती जाईल, तो इतरांना भारी ठरेल, ही परस्परांविषयीची धास्ती त्यामागे होती. ऑलेटीसचे खरे संरक्षक कवच म्हणजे रोममधील हा संशय. त्याने मात्र आपली सुरक्षितता व्यक्तींच्या मेहेरबानीत शोधली. त्याच सुमारास पूर्वेकडे मोहिमेवर असलेल्या पॉम्पीला त्याने सोन्याचा मुकुट पाठवला, आठ हजार घोडदळाचा खर्च उचलला आणि बंडाळी मोडण्यासाठी इजिप्तमध्ये येण्याचे निमंत्रण दिले. पॉम्पीने भेटी स्वीकारल्या. तो आला नाही.

५९ साली सौदा जमला. ज्युलियस सीझर कॉन्सल होता. पॉम्पी व क्रासस यांच्याशी त्याची युती झालेली होती. सुमारे सहा हजार टॅलंटच्या मोबदल्यात सीझरने ऑलेटीसला रोमन जनतेचा मित्र व सहकारी असा दर्जा मिळवून दिला. एक टॅलंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. त्या काळात इजिप्तला भेट देणाऱ्या डायोडोरसने राजाचे वार्षिक उत्पन्न सहा हजार टॅलंटहून अधिक सांगितले आहे. सिसेरोच्या हवाल्याने स्ट्रेबो साडेबारा हजारांचा आकडा देतो. यांपैकी कोणताही आकडा धरला, तरी वर्षाच्या महसुलाचा अर्धा ते जवळजवळ सगळा भाग एका ठरावासाठी मोजला गेला. एवढी रोकड हाती नव्हती. रोममधील सावकारांकडून, विशेषतः राबिरियस पोस्टुमस याच्याकडून, कर्जे उचलली गेली आणि त्यांची भरपाई करवाढीतून व्हावयाची होती.

प्रजेचा सूर काय होता, याची एक घटना डायोडोरसने स्वतः पाहून नोंदवली आहे. मान्यतेची वाटाघाट चालू असताना एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले. इजिप्तमध्ये मांजर पवित्र. जमावाने त्याच्या घरावर चाल केली. राजाने अधिकारी पाठवून त्याच्या जिवासाठी विनवण्या केल्या. रोमची भीती तर सर्वांनाच होती. तरीही तो माणूस वाचला नाही. रोमला खूश ठेवण्यासाठी दरबार कासावीस झालेला आणि रस्त्यावर त्याचा शब्द चालत नाही, ही राज्याची खरी अवस्था होती.

खरेदी केलेल्या मान्यतेची मर्यादा वर्षभरातच उघड झाली. ५८ साली क्लोडियस या लोकप्रतिनिधीने सायप्रस रोमला जोडण्याचा कायदा मंजूर करून घेतला. मित्र म्हणून गौरवलेला होता तो इजिप्तचा राजा. त्याच्या भावाने पैसे भरलेले नव्हते. केटोने सायप्रसच्या राजाला गादीऐवजी पॅफॉसच्या मंदिराचे पुरोहितपद देऊ केले. त्याने विष घेऊन जीवन संपवले. त्याची मालमत्ता विकून केटोने जवळजवळ सात हजार टॅलंट चांदी रोमला नेली. अलेक्झांड्रियातील लोकांनी आपल्या राजाकडे मागणी केली, की त्याने रोमकडे सायप्रस परत मागावे अथवा मैत्री तोडावी. त्याने दोन्ही केले नाही. करांनी पिळलेल्या प्रजेचा राग आणि या अपमानाचा संताप एकत्र आले. राजाला देश सोडावा लागला आणि त्याची मुलगी बेरेनिकी हिच्या हाती राज्य आले.

रोममध्ये तो पॉम्पीच्या अल्बा येथील वाड्यात उतरला आणि आणखी कर्जे काढू लागला. त्याचा पक्ष खोडून काढण्यासाठी अलेक्झांड्रियाहून डायो या तत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली शंभर जणांचे शिष्टमंडळ निघाले. त्यांतील बरेच वाटेतच मारले गेले, काही रोममध्ये मारले गेले. उरलेल्यांना धमक्यांनी किंवा पैशाने गप्प करण्यात आले. डायोचाही खून झाला. त्या प्रकरणाशी जोडलेले दोन खटले चालले आणि दोन्ही आरोपी सुटले. सिनेटने ५७ साली राजाला गादीवर बसवण्याचे काम कॉन्सल लेंटुलस स्पिंथर याच्याकडे सोपवले होते. राजाला मात्र हे काम पॉम्पीने करावेसे वाटत होते.

५६ सालच्या आरंभी अल्बा पर्वतावरील ज्युपिटरच्या मूर्तीवर वीज पडली. सिबिलच्या पवित्र ग्रंथांचा कौल घेण्यात आला. इजिप्तच्या राजाला मैत्री नाकारू नये, पण त्याच्या मदतीला फौजफाटा देऊ नये, असा अर्थ त्यातून निघाला आणि गायस केटो या लोकप्रतिनिधीने तो जाहीर करून टाकला. जानेवारीत सिनेटमध्ये या विषयावर झालेली चर्चा संसदीय डावपेचांचा नमुना म्हणून आजही वाचण्यासारखी आहे. लेंटुलसने सैन्याविना राजाला परत न्यावे, असे हॉर्टेन्सियस, ल्युकुलस व सिसेरो यांचे म्हणणे. तीन दूत पाठवावेत, असे क्रासस म्हणे. दूत तीनच, पण कोणत्याही अधिकारपदावर नसलेले, ही बिब्युलसची दुरुस्ती. हे काम पॉम्पीकडे द्यावे, ही वोल्काटियसची सूचना. राजाला मुळी परत नेऊच नये, ही सर्व्हिलियसची भूमिका. राजाचा प्रतिनिधी हॅमोनियस उघडपणे पैसे पेरीत होता आणि पैसा सावकारांचाच होता. मते कशी घ्यावीत यावर वाद झाले, वेळ संपला, निर्णय झाला नाही. तोपर्यंत राजा रोम सोडून इफेससच्या आर्टेमिस मंदिराच्या आश्रयाला गेला होता.

इकडे अलेक्झांड्रियाही स्वस्थ नव्हती. बेरेनिकीसाठी सीरियाच्या घराण्यातील म्हणवणारा एक वर आणला गेला. लोकांनी त्याला खारवलेले मासे विकणारा असे नाव ठेवले आणि राणीने काही दिवसांतच त्याला गळा दाबून मारवले. मग पोंटसमधील कोमाना येथील मंदिराचा प्रमुख आर्किलाउस हा तिचा पती झाला.

सभागृहात अडलेले काम अखेर पैशाने केले. सीरियाचा प्रांताधिकारी औलस गॅबिनियस हा पॉम्पीचा माणूस. दहा हजार टॅलंटच्या वचनावर तो ५५ साली इजिप्तवर चालून गेला. प्रांताधिकाऱ्याने परवानगीशिवाय सैन्यासह आपला प्रांत सोडू नये, असा रोमचा कायदा होता आणि सिबिलचा कौलही आडवा होता. आर्किलाउसच्या आरमारापासून धोका आहे, असे कारण त्याने पुढे केले. घोडदळाचा प्रमुख होता तरुण मार्क अँटनी. पेलुसियम पडल्यावर राजाला तेथील आपल्याच प्रजेची कत्तल करावयाची होती. ती अँटनीने रोखली. आर्किलाउस लढाईत मारला गेला, तेव्हा त्याला राजाला साजेसा अंत्यविधी देण्याचे सौजन्यही अँटनीनेच दाखवले. गादीवर परतलेल्या बापाने मुलगी बेरेनिकीला ठार मारले; तिच्यासोबत अनेक धनिकांनाही, कारण त्यांच्या संपत्तीची त्याला गरज होती.

गॅबिनियस परतताना आपल्या सैन्याचा एक भाग मागे ठेवून गेला. या तैनाती फौजेत गॉल व जर्मन सैनिकांचा भरणा होता. राजाला प्रजेपासून वाचवणे हे तिचे काम. दुसरी अट याहून कठीण होती. कर्जवसुलीसाठी सावकार राबिरियस पोस्टुमस यालाच राज्याचा अर्थमंत्री नेमण्यात आले. ग्रीक पोशाख चढवून रोमचा हा सावकार इजिप्तचा खजिना पाहू लागला. त्याने प्रजेला इतके पिळले, की राजाने त्याला कैदेत टाकले. तेथून तो निसटून रोमला पळाला. प्रजेच्या कोपापासून धनकोला कोठडीच्या भिंतींआड सुरक्षित ठेवणे आणि त्याच वेळी हप्ते टाळणे, असा दुहेरी हेतू त्यामागे असावा. याच वर्षांत नाण्यांतील चांदीही घटत गेली.

रोममध्ये याचे पडसाद उमटले. ५४ साली टायबरला महापूर आला. देववाणी धुडकावल्याची ही शिक्षा, असे लोक म्हणू लागले. गॅबिनियस राज्यद्रोहाच्या खटल्यातून ३८ विरुद्ध ३२ मतांनी सुटला. मात्र खंडणीच्या खटल्यात दोषी ठरून हद्दपार झाला. त्याचा आजवरचा कडवा टीकाकार सिसेरो पॉम्पीच्या आग्रहाने त्याचा वकील होता. राबिरियसचेही वकीलपत्र सिसेरोनेच घेतले.

राजाला आता फार दिवस उरले नव्हते. ५१ सालच्या पूर्वार्धात तो मरण पावला. त्याने थोरली मुलगी क्लिओपात्रा आणि थोरला मुलगा तेरावा टॉलेमी यांना संयुक्त वारस नेमले. मृत्युपत्राची एक प्रत अलेक्झांड्रियात ठेवली, दुसरी रोमला पाठवली आणि त्याची अंमलबजावणी करावी अशी रोमन जनतेला देवांची व तहांची शपथ घालून विनंती केली. पूर्वी एका मृत्युपत्राच्या भीतीने ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याने स्वतःचे मृत्युपत्रही रोमच्याच हवाली केले. तेवढाच मार्ग त्याच्यापुढे उरला होता.

त्या विनंतीचा अर्थ पुढे सीझरने लावला. ४८ साली पॉम्पी पराभूत होऊन इजिप्तच्या किनाऱ्यावर आला, तेव्हा त्याच्यावर वार करणाऱ्यांत मागे राहिलेल्या रोमन फौजेतील एक अधिकारी होता. पाठोपाठ आलेला सीझर अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यात मुक्कामास राहिला. मृत्युपत्राचा आधार घेऊन तो बहीणभावांच्या भांडणात पंच झाला. दिवंगत राजाकडून पावणेदोन कोटी द्राख्मांचे येणे असल्याचे सांगून, त्यातील काही रक्कम सोडून, त्याने एक कोटीची मागणी केली. बापाचे कर्ज मुलांच्या दारात आले होते. क्लिओपात्राने पुढील अठरा वर्षे पित्याचेच धोरण अधिक कौशल्याने चालवले. रोममधील प्रबळ पुरुष हेरायचा आणि त्याच्याशी राज्याचे भवितव्य बांधायचे. ३० साली रोममध्ये ऑक्टेव्हियन हा एकच पुरुष उरला आणि इजिप्त रोमचे झाले. नव्या सत्ताधीशाने कोणत्याही सिनेटरला परवानगीशिवाय तेथे पाऊल टाकण्यास मनाई केली. क्रासस व रुल्लस यांच्या काळी सिनेटला वाटणारी धास्ती किती खरी होती, हे यावरून दिसते.

ऑलेटीसच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की ७४ साली सायरीन, ६४ साली सीरिया आणि ५८ साली सायप्रस रोमन अमलाखाली गेले, तरी इजिप्तला त्याने आणखी काही दशके मिळवून दिली. लष्करी प्रतिकार त्याच्या आवाक्याबाहेर होता. मिथ्रिडेटीसने तो करून पाहिला आणि सर्वस्व गमावले. परंतु त्याच्या मुत्सद्देगिरीत मूलभूत दोष होता. इजिप्तला वाचवीत होता रोममधील सत्तास्पर्धेचा तोल, आणि त्याने पैसा ओतला तो त्या स्पर्धेतील व्यक्तींवर. पैशामुळे त्या व्यक्ती बलवान झाल्या आणि तोल ढळण्यास हातभारच लागला. दुसरीकडे, अलेक्झांड्रियाच्या लोकांनी ८० साली त्याला रोमला न विचारता राजा केले होते. त्याची खरी सनद तीच होती. रोड्सवर केटोने त्याला त्या सनदेकडे परत जाण्यास सांगितले होते. त्या सल्ल्यासाठी केटोने एक छदामही मागितला नव्हता.